मनोऱ्याखालचा चिखल

१

शुक्रवारी सकाळी सव्वादहाला देवरामचा फोन आला, तेव्हा मी डोंबिवलीत घरी गवार मोडत बसले होते. देवराम म्हणजे आमच्या खारटोकच्या निसर्गवाटेचा फाटकावरचा रखवालदार. तो कधी आपणहून फोन करत नाही. "बाई, लगेच या," म्हणाला, "केतन गेला." मी विचारलं, "कुठे गेला?" छत्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या बाईने इतका बावळट प्रश्न विचारावा, याची मला अजून लाज वाटते.

खारटोक ठाण्याच्या पूर्वेला, खाडीच्या काठावर आहे. तिथलं कांदळवन राखीव झालं त्याला सहा वर्षं झाली. फाटकातून आत गेलं की वाट दुभागते. डावीकडची खाली, समुद्राच्या दिशेने, फ्लेमिंगो बघायच्या लाकडी मनोऱ्यापर्यंत जाते. उजवीकडची वरच्या अंगाला, खाडी अरुंद होत जाते तिकडे. ही वरची वाट पूल मोडल्यामुळे तीन महिने बंद होती. आणि फाटकाच्या समोर, बरोबर मध्यावर, खारटोकचा कोळीवाडा. हे एवढं ध्यानात ठेवा, सगळा घोळ त्यातच आहे.

मी पोचले तेव्हा साडेबारा वाजले होते. ओहोटीने खाडी तळाला गेलेली. मनोऱ्याखालच्या काळ्या चिखलात चादर घातलेला केतन होता. चोवीस वर्षांचा, माझा विद्यार्थी, आमच्या 'तिवरसखा' गटाचा पक्षी मोजणारा. पोहता येत नसून सगळा जन्म खाडीकाठी काढायला निघालेला वेडा मुलगा. सब-इन्स्पेक्टर साईनाथ घरत यांनी मला ओळख पटवायला चादर बाजूला करून दाखवली. डोक्यामागे मोठी जखम. डाव्या गालावर बारीक चौकटींची खूण, रवा चाळायच्या चाळणीवर गाल दाबून धरावा तशी. बुटांच्या तळव्यांत, खाचांमध्ये, लाल खडे रुतलेले. मी ते पाहिले आणि विसरले. रडणाऱ्या माणसाला धड काही दिसत नाही.

पलीकडे चिराग केतनची सॅक पोटाशी धरून हमसून हमसून रडत होता. तोही माझाच विद्यार्थी, कल्याणचा, केतनपेक्षा चार वर्षांनी मोठा. निसर्गवाटेची सगळी व्यवस्था तोच बघायचा. आणि दूर, गुडघाभर चिखलात, गुणाजी कोळी उभा होता. प्रेत पहिल्यांदा त्याने पाहिलं होतं. सत्तरीचा म्हातारा, एरवी मला लांबून हाक मारणारा. आज त्याने माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

"मॅडम," घरत हळूच म्हणाले, "ही गालावरची खूण जाळ्याची आहे. इकडे जाळं कोण वापरतं?"

"सगळा कोळीवाडा."

"आणि मागच्या आठवड्यात केतनला 'चिखलात गाडीन' असं फाटकावर सगळ्यांसमोर कोण बोललेलं?"

ते मीही ऐकलं होतं. गुणाजीच बोलला होता.

२

भांडण का झालं, तेही सांगते, कारण त्याच्या मुळाशी मी आहे.

राखीव क्षेत्रात खारटोकच्या अकरा होड्यांना मासेमारीचे परवाने आहेत. अट एकच, जाळं हाताने टाकायचं. खुंट ठोकून कायमचं जाळं लावायचं नाही. आणि तसं एक जरी जाळं सापडलं तर अकराच्या अकरा परवाने रद्द. हा नियम व्यवस्थापन समितीत मी मांडला, मीच लिहिला. एकाने खोडी केली की सगळा वर्ग बाकावर उभा, ही माझी शाळेतली जुनी रीत. मला वाटलं, गावकरीच एकमेकांवर नजर ठेवतील. केतनला संशय होता की गुणाजी चोरून जाळं लावतो, आणि त्याने ते तोंडावर विचारलं होतं.

मी पोलीस नाही. पण मुलांचं खोटं ऐकण्यात आयुष्य गेलंय. शनिवारी मी एकेकाला गाठलं.

देवरामने फाटकावरची वही पुढे केली. "शुक्रवारी सकाळी दोनच माणसं आत गेली बाई. केतन सहाला, चिराग सहा वीसला. म्हातारा पाण्याने येतो, त्याची नोंद नाय. दहाला म्हाताऱ्याने बोंब मारली, मी कडी घातली. पोलीस येईपर्यंत ना कोण आत, ना कोण बाहेर."

"चिराग तेव्हा कुठे होता?"

"साडेआठपासून इथेच, रोपवाटिकेत. बोंब ऐकली आणि एकटाच धावत गेला मनोऱ्याकडे. त्यानेच ती सॅक आणली ना."

चिरागला मी रोपवाटिकेतच पकडलं. त्याचे डोळे सुजलेले होते. "बाई, मी पावणेसातला खालच्या वाटेवर होतो. केतन मनोऱ्यावर उभा, कठड्यावर वाकून फोटो काढत होता. मी हात केला, त्याने पण केला. मग मी फिरून इकडे आलो. थांबलो असतो तर वाचला असता ना तो?"

"आणि सॅक?"

"मनोऱ्यावरच होती. कठड्याला टेकून ठेवलेली. गुणाजीकाका बोलले मनोऱ्याखाली पडलाय, म्हणून मी आधी वर चढून बघितलं." त्याला पुन्हा रडू फुटलं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आपला तो बाब्या, दुसरं काय.

तिथून मी वर्तकनगरला केतनच्या घरी गेले. त्याची आई नंदा एका जागी बसून होती. शेजारणी चहाचे कप आणत होत्या आणि तसेच परत नेत होत्या. माझा हात तिने धरला तो सोडेचना.

"गुरुवारी रात्री जेवताना बोलला," ती म्हणाली, "की आई, तिकडची झाडं उभ्या उभ्या मेलीत. मोजतो, फोटो काढतो आणि रविवारी बाईंना नेऊन दाखवतो. मी बोलले, झाडंच ना, मरू देत. तर चिडला माझ्यावर. शेवटचं बोलणं आमचं ते."

मनोऱ्याकडची वाट मला पाठ आहे. तिथे एकही मेलेलं झाड नाही. मग केतन कुठल्या झाडांबद्दल बोलत होता?

एवढ्यात घरतांचा फोन आला. "सोमवारी सकाळी म्हाताऱ्याला ताब्यात घेतोय. जाळं टाकून ओढला, वल्हं घातलं डोक्यात. केस सरळ आहे."

३

रविवारी दुपारी मी कोळीवाड्यात गेले. गुणाजी ओट्यावर बसला होता. त्याची बायको आवडाबाई बाहेर आली आणि रीतीप्रमाणे मला जेवायलाच बसवलं. कोळ्याच्या घरी दुपारच्या वेळी गेलेला माणूस उपाशी परत येत नाही, मग तुम्ही त्याच्यावरच संशय घ्यायला आलेले का असेना.

ताटात वरण-भात आणि शेपूची भाजी होती.

मी घास हातात घेऊन तशीच थांबले. रविवार. श्रावण नाही, चतुर्थी नाही, एकादशी नाही, माघातली साधी अष्टमी. सहा वर्षं या घरी येतेय. बुधवार, शुक्रवार, रविवार या घरातून बोंबलाचा नाहीतर निवट्यांच्या कालवणाचा वास आला नाही, असं झालेलं नाही. आज चुलीला मासळीचा वासही नव्हता.

"आवडाबाई, मासळी नाही केली?"

"नाय केली." तिने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"तुमच्यात कोणी गेलं का? सुतक आहे?"

तिने ताटात आणखी वरण वाढलं. मग मी आजूबाजूला पाहिलं. ओट्यावरच्या दांडीला एरवी दोन जाळी वाळत असतात. आज एकच होतं, हाताने टाकायचं. मला केतनच्या गालावरची चौकट आठवली.

"आवडाबाई, जाळ्यात माणूस आला तर तुमच्या घरी काय करतात?"

तिने पदर तोंडाला लावला. "तेरा दिस मासली शिजत नाय. त्यो आपलाच धरायचा. जालं परत पान्यात घालायचं नाय."

ओट्यावरून गुणाजीचा आवाज आला. "बस कर."

मी ताट सोडून बाहेर आले. "गुणाजीदादा, केतन मनोऱ्याखाली नव्हता. तुमच्या जाळ्यात होता."

तो माझ्याकडे न बघता, खाडीकडे बघत बोलला.

"बोकशी लावलेली बाय, फाटकासमोरच्या वलनावर. हातानं टाकून काय मिलतंय आता? दहाच्या आधी काढाया गेलो तर जालं जड. वाटलं लाकूड आलंय." त्याने दोन्ही तळवे गुडघ्यांना पुसले. "पोराचा हात दिसला. सोडून दिलं असतं तर पान्यानं नेलं असतं समुद्रात, कोनाला कललं नसतं. पन त्याची आय हाय. मग होडीत घातला, खाली मनोऱ्यापाशी नेला नि ठेवला. तिथं मानसं असतात, लगेच सापडंल म्हनून. जालं मंजे अकरा परवाने. तुमीच लिवलंय."

हो, मीच लिवलं होतं. जी अट मी गावाला शिस्त लावायला घातली, तिने एका सरळ माणसाला खोटं बोलायला लावलं होतं. मला माझाच राग आला, पण रागाला तेव्हा वेळ नव्हता.

"बोकशी म्हणजे पिशवीसारखं जाळं ना? त्याचं तोंड कुठल्या बाजूला होतं?"

"वरच्या अंगाला. ओहोटीचं पानी वरून येतं, मग तोंड वरच. भरतीला त्यात काय येत नाय, पोट उलटं होतंय."

"शुक्रवारी भरती कधी संपली?"

"षष्ठी व्हती. पाचच्या आत पानी फिरलं."

आणि केतन फाटकातून आत गेला सहाला. म्हणजे तो पाण्यात पडला तो ओहोटीच्याच पाण्यात, आणि ओहोटीचं पाणी वरून खाली जातं. मनोरा जाळ्यापासून खालच्या अंगाला, समुद्राकडे आहे. मनोऱ्यावरून पडलेला माणूस समुद्राकडे गेला असता. उलटा चढून गुणाजीच्या जाळ्यात शिरला नसता. केतन वरून आला होता, बंद वाटेच्या बाजूने.

"आनखी एक हाय," गुणाजी म्हणाला. "त्याला ठेवल्यावर मी मनोऱ्यावर चढलो. कोनी बघितलं का, म्हनून. वर कायपन नव्हतं बाय. ना पिशवी, ना काय."

४

चिरागने सॅक मनोऱ्यावरून आणली होती. दहा वाजता मनोरा रिकामा होता.

"हे चौकीत सांगाल?"

"नाय." तो उठून उभा राहिला. "मी एकटा असतो तर सांगितलं असतं. दहा घरं आनखी हायेत. मला नेतील तर नेतील."

मी त्याला शब्द दिला की त्याच्या परवानगीशिवाय जाळ्याचं नाव तोंडातून काढणार नाही. मग घरतांना फोन केला आणि फक्त बुटांतल्या लाल खड्यांबद्दल बोलले. खाडीचा चिखल काळा. निसर्गवाटेवर टाकलेली रेती पांढरी. लाल मुरूम आला कुठून? घरत हट्टी आहेत, पण मूर्ख नाहीत. चार वाजता ते फाटकावर आले.

बंद वाटेच्या तोंडाशी फळी होती, 'पूल मोडला आहे. प्रवेश बंद.' चिरागचं सुबक अक्षर, मीच दहा वर्षं वळवलेलं. फळी ओलांडून आम्ही चालू लागलो. दहा मिनिटांनी पूल आला. घरतांनी त्यावर दोनदा पाय आपटला. पूल ठणठणीत होता.

पुलापलीकडे आवाज कमी होत गेले. कांदळवनात कधी शांतता नसते. खेकडे चिखलात टकटक करतात, खंड्या ओरडतो, बुडबुडे फुटतात. इथे काहीच नव्हतं. मग झाडं राखाडी दिसू लागली. पानं नाहीत, साल सुटलेली. चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या, आणि त्यातून तिवरांची श्वास घ्यायची मुळं हजारोंनी वर आलेली, सगळी वाळलेली. घरतांनी नकळत आपला आवाज खाली आणला. "मॅडम, हे कोणी विष घातलं काय?"

"विष नाही. पाणी तोडलंय."

पुढे ते दिसलंच. लाल मुरमाचा बांध, डंपर जाईल एवढा रुंद. खाडीचा ओहोळ अडवून मधे एक सिमेंटचा पाइप टाकलेला, तोही आतून बुजवलेला. भरतीचं पाणी बांधाला लागून परत फिरायचं आणि आतलं जंगल तहानेने मरायचं. झाडांना हात न लावता झाडं मारायची ही पद्धत. दोन वर्षांनी सर्वेक्षणाला माणसं आली असती आणि त्यांनी लिहिलं असतं, इथे कांदळवन नाही. मग ती जमीन कोणालाही घेता आली असती.

पाइपच्या कडेवर काळपट डाग होता. खाली, मुरमात अर्धवट रुतलेलं, केतनचं पक्षी मोजायचं छोटं यंत्र मिळालं. एक पक्षी दिसला की एकदा बटण दाबायचं. आकडा होता सहाशे एकेचाळीस. त्या जागी चिमणीसुद्धा नव्हती. माझा केतन मेलेली झाडं मोजत होता.

घरतांनी ते रुमालात घेतलं. "तो इथे आलेला, मान्य. पण कधी? गुरुवारी पण आला असेल. चिराग सांगतो, शुक्रवारी पावणेसातला मनोऱ्यावर होता. प्रेत मनोऱ्याखाली, सॅक मनोऱ्यावर. डाग जनावराचा निघाला तर मी कोर्टात काय दाखवू, मेलेली झाडं?"

मला सगळं ठाऊक होतं आणि तोंड उघडायची सोय नव्हती. संध्याकाळी मी पुन्हा कोळीवाड्यात गेले. बांधाबद्दल सांगितलं, यंत्राबद्दल सांगितलं. चिरागचं नावही सांगितलं. "बोला" एवढं म्हणायची मात्र माझी हिंमत झाली नाही. गुणाजीने ऐकून घेतलं आणि आत जाऊन दार लावलं.

५

सोमवारी नऊला घरतांनी सगळ्यांना रोपवाटिकेच्या शेडमध्ये बोलावलं. देवराम दाराशी, चिराग खुर्चीवर, मी बाकावर. बाहेर गाडी उभी होती, ती कोणासाठी हे सगळ्यांना माहीत होतं.

गुणाजी वेळेवर आला. मागे आवडाबाई, डोक्यावर पाटी. आणि तिच्या मागे कोळीवाड्यातले दहा जण, ते कुंपणाबाहेरच थांबले. आवडाबाईने पाटी उतरवली आणि ओलसर, गुंडाळलेलं जाळं घरतांच्या पायाशी ठेवलं.

"हे माझं," गुणाजी म्हणाला. "रात्री घरोघर जाऊन इचारलं. सगले बोल्ले, सांग." आणि त्याने सांगितलं. बोकशी कुठे होती, तोंड कुठे होतं, पोराला कसा काढला, कुठे नेऊन ठेवला. मनोऱ्यावर चढला तेव्हा काय होतं आणि काय नव्हतं. पाच मिनिटं लागली असतील. एकदाही थांबला नाही.

घरत माझ्याकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं."

"होतं. आता मी बोलते." मी उभी राहिले. सवयच आहे, बसून शिकवता येत नाही. "हा म्हातारा खोटं बोलला. प्रेत मनोऱ्याखाली मिळालं, हे त्याने रचलं, दहा वाजता, एकट्याने. दहाच्या आधी या जगात कोणालाही केतनचा आणि मनोऱ्याचा संबंध जोडायचं कारण नव्हतं. मग दहानंतर सॅक मनोऱ्यावर कशी आली? ज्याने गुणाजीची बोंब ऐकली आणि ज्याच्याकडे आधीपासून सॅक होती, त्यानेच ती तिथे नेली, किंवा तिथून आणली असं सांगितलं. फाटकाला कडी होती. आत, बोंब ऐकून मनोऱ्याकडे गेलेला एकच माणूस होता."

चिराग माझ्याकडे बघत होता. रडत नव्हता आता.

"त्याला वाटलं, देवच पावला. पाण्याने प्रेत आपोआप मनोऱ्यापाशी नेलं. म्हणून मग त्याने गोष्ट रचली, पावणेसातला तिथे पाहिलं, हात केला, त्याने पण केला. गुणाजीचं खोटं खरं करून दाखवायची गरज फक्त एकाच माणसाला होती, चिराग. ज्याला ठाऊक होतं की केतन खरा कुठे पडला."

"बाई, तुम्ही माझ्यावर..." त्याने देवरामकडे पाहिलं, मग घरतांकडे. "म्हातारा आहे तो. चुकून सॅक दिसली नसेल त्याला."

"पूलही चुकून मोडला होता का?" घरतांनी विचारलं. त्यांनी रुमाल उघडून ते यंत्र टेबलावर ठेवलं.

चिराग त्या आकड्याकडे पाहत राहिला. मग एकदम खांदे पाडून बोलू लागला, अगदी लहानपणी प्रगतिपुस्तकावर खोटी सही केली होती तेव्हा बोलला होता तसा. खाडीपलीकडच्या एका बांधकामवाल्याने त्याला मोठी नोकरी देऊ केली होती. काम एकच, वरच्या वाटेवर कोणी फिरकू द्यायचं नाही. "झाडंच मरणार होती बाई. कोणालाच काही होणार नव्हतं. केतन बोलला, बाईंना दाखवतो. मी सॅक धरून मागे ओढलं त्याला, बस. पट्टा सुटला, सॅक माझ्या हातात राहिली. तो पाइपवर आपटला आणि पाण्यात गेला. मी मुद्दाम नाही केलं. त्याला पोहायला येत नव्हतं बाई."

"तुला येतं," मी म्हटलं. "जिल्ह्यात पहिला आला होतास. तुझा सत्कार मीच केला होता."

बाहेर उभी असलेली गाडी त्याला घेऊन गेली. कुंपणच शेत खातं ही म्हण मी वर्गात किती वेळा फळ्यावर लिहिली असेल. त्या मुलावर माझं केतनइतकंच प्रेम होतं, आणि खोटं कशाला सांगू, ते एका दिवसात गेलं नाही.

६

बांध फोडायला दहा दिवस लागले. पाणी आत शिरलं. किती झाडं जगतील ते दोन पावसाळ्यांनंतर कळेल. नंदा एकदा येऊन बघून गेली.

मग समितीचा कागद आला. राखीव क्षेत्रात खुंटावरचं जाळं आढळल्याचा अहवाल, खाली नियम क्रमांक सात, अकरा परवाने रद्द. नियम मांडणारी सदस्य म्हणून पहिली सही माझी हवी होती. नियम बदलावा असा अर्ज मी शेडमधल्या त्या सोमवारीच दिला होता. विचार होईल, असं उत्तर आलं. म्हणून मी ठरवलं, सही करायची नाही. कागद फाडून खाडीत टाकायचा आणि समिती सोडायची.

हे सांगायला मी फाटकावर गेले तेव्हा गुणाजी देवरामच्या बाकावर बसला होता. मला वाटलं, त्याला बरं वाटेल.

"नाय बाय," तो म्हणाला. "सही करा."

"अहो, अकरा घरं आहेत! मी चूक केली होती, ती मीच निस्तरते."

"त्या चिरागचा वकील परवा घरी आलेला." गुणाजी सावकाश बोलत होता, लहान मुलाला समजवावं तसं. "बोल्ला, जालं नव्हतंच तिकडं. असतं तर परवाने गेले असते. गेले का? नाय गेले. मंजे म्हातारा कोर्टात खोटं बोलतो. एकदा खोटं बोल्लेलाच हाय." त्याने कागद माझ्याकडे सरकवला. "कागदावर जालं नसंल तर तो सुटतो बाय."

मी खूप वाद घातला. दुसरे पुरावे आहेत म्हटलं, कबुली आहे म्हटलं. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही, हे मलाही माहीत होतं आणि वकिलाने त्यालाही सांगितलं होतं. काठावर अकरा होड्या ओढून ठेवलेल्या होत्या. त्या सोमवारपासून कोणी पाण्यात उतरलं नव्हतं. दहा घरांनी हेही आपसात ठरवलं होतं, फक्त मला सांगायचं बाकी होतं.

देवरामने पेन दिलं. मी सही केली, खाली नाव लिहिलं, तारीख घातली. गुणाजीला वाचता येत नाही, तरी त्याने कागद हातात घेऊन नीट पाहिला.

"आकडा बरोबर लिवलाय ना?" त्याने विचारलं. "अकरा? माझी धरून?"

"हो," मी म्हटलं. "तुमची धरून."